सरांची भांडी

मी खोली बघायला गेले तेव्हा सर भांडी घासत होते. अंगात कोपरांवर पिवळा पडलेला पांढरा लॅबचा कोट, हातात कोपरापर्यंतचे रबरी मोजे आणि सिंकमध्ये स्टीलच्या ताटांचा ढीग. उज्जैनच्या नानाखेडा बसस्टँडवरून माधवनगरात येईपर्यंत रिक्षावाला दोनदा चुकला होता, त्यामुळे मला वाटलं, आता मीही चुकले आणि कुणाच्या तरी दवाखान्यात शिरले.

त्यांनी मान न वळवता विचारलं, "चपला बाहेर काढल्या?"

"हो."

"हात धुतले?"

"हात? नाही, मी खोली बघायला..."

"नळ तिकडे आहे. पहले हात, मग बात."

मी हात धुऊन आले. त्यांनी मोजे काढले, माझे पंजे उलटेपालटे करून बघितले आणि पास झाल्यासारखी मान हलवली. बँकेत बदली होऊन आले आहे म्हटल्यावर म्हणाले, "म्हणजे मॅनेजर साहिबा." मी साधी ऑफिसर आहे, हे मी पुढच्या तीन वर्षांत अनेकदा सांगितलं. त्यांनी ते कधीच मनावर घेतलं नाही.

खोली वरच्या मजल्यावर होती. अट एकच. "वर तुम्ही काय शिजवता, कसं खाता, मला देणंघेणं नाही. पण खाली आमच्याकडे चहा घेतला तरी कप मी धुणार. तुम्ही हात लावायचा नाही." आतून काकूंचा आवाज आला, "अहो, आधी पाणी तरी द्या तिला." सरांनी पाणी दिलं. देण्याआधी पेला उजेडाकडे धरून गोल फिरवून बघितला.

सर कॉलेजात केमिस्ट्री शिकवून रिटायर झाले होते. पिढ्यान् पिढ्या उज्जैनमधलं घराणं, त्यामुळे त्यांच्या मराठीत अर्धी हिंदी होती आणि दोन्ही भाषा त्यांच्या तोंडी सारख्याच हक्काने नांदायच्या. गल्लीत त्यांना सगळे मास्साब म्हणत. त्यांच्याबरोबर भाजी आणायला निघालं की वाटेत हमखास कुणीतरी स्कूटर थांबवून त्यांच्या पाया पडायचं. एकदा एक चांगले पोट सुटलेले वकील वाकले आणि उठता उठता म्हणाले, "सर, बूंद!" दोघेही खदाखदा हसले. मला काही कळेना.

घरी आल्यावर सरांनी मला सिंकपाशी उभं केलं आणि दाखवलं. काचेचा एक पेला धुतला, पाण्याने भरला आणि उपडा केला. काचेवर पाण्याचा पातळ पडदा राहिला, एकसंध. मग दुसऱ्या पेल्याला आतून तुपाचं बोट लावलं, नुसत्या पाण्याने विसळला आणि उपडा केला. या वेळी पाणी फाटलं आणि काचेवर थेंब थेंब उभे राहिले.

"साफ काचेवर पाणी चादरीसारखं बसतं. थेंब दिसला की समजायचं, घाण आहे. प्रॅक्टिकलच्या आधी मी प्रत्येकाची टेस्ट ट्यूब अशी उलटी करायचो. थेंब दिसला की बाहेर. हा वकील तीन वेळा बाहेर गेला होता."

"तीन वेळा?"

"म्हणून तर वकील झाला."

त्यांचं एक आवडतं वाक्य होतं, "दिसते ती घाण नाही, भाई. दिसत नाही ती घाण." लग्नाला गेले तरी ते जेवणाआधी मांडवाच्या मागे जायचे, जिथे ताटं धुतली जातात तिथे. काकू सांगायच्या, त्यांच्या भाचीच्या लग्नात सर असेच मागे गेले ते अक्षता पडून गेल्या तरी आले नाहीत. शोधायला गेले तर सर कोटाच्या बाह्या सरसावून, कॅटररच्या बायकांच्या मध्ये पाटावर बसून, तिसऱ्या टबातलं पाणी दर वीस ताटांनी का बदलायचं ते समजावत होते. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या, पण पाणी बदलत होत्या. लग्नाच्या एकाही फोटोत सर नाहीत. काकू म्हणाल्या, "पण त्या लग्नात कुणाचं पोट बिघडलं नाही, हे ते आजही सांगतात."

एवढ्या वयाचा पुरुष रोज दोन्ही वेळची भांडी घासतो, याचं मला अप्रूप होतं. माझ्या माहेरी वडील स्वतःचा चहाचा कपसुद्धा टेबलावरून उचलत नाहीत. एका रविवारी मी काकूंना विचारलं. त्या ओट्याशी वाल सोलत बसल्या होत्या. त्यांनी नुसते हात पुढे केले. बोटांच्या पेरांवर जुन्या भेगांचे पांढरे वण होते.

"लग्न झालं त्या वर्षी राखेने आणि सोड्याने हात फाटले माझे. रक्त यायचं. मी शाळेत शिकवायचे, खडू धरवत नसे. हे एक दिवस बघत राहिले आणि म्हणाले, 'मी दिवसभर कॉलेजात काचेची भांडी धुतो, माझी प्रॅक्टिस आहे. तू सोड.' सासूबाई आठ दिवस ह्यांच्याशी बोलल्या नाहीत. शेजारणी गच्चीवरून बघायला यायच्या. हे खिडकी उघडी ठेवून घासायचे. म्हणायचे, बघू दे, शिकतील."

सर बाहेरून ओरडले, "शिकल्या का?"

"एकही नाही," काकू म्हणाल्या.

मी राहायला गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी, होळीच्या थोडं आधी मला पहिल्यांदा जाणवलं. खाली चहाला बसले होते. कपाच्या कडेला आतून सायीची पातळ तपकिरी रेघ होती, कालच्या चहाची. माझ्याच कपाला असेल, म्हणून मी ओढणीने पुसली आणि चहा प्यायले. पुढच्या आठवड्यात पोह्यांच्या बशीला खाली मोहरीचा दाणा चिकटलेला होता. मी तोही नखाने काढला. ज्या माणसाने पेला उजेडाकडे धरून मला पाणी दिलं होतं, त्याला बशी खरकटी आहे असं तोंडावर सांगायचं कसं?

त्याच सुमाराला सरांचं बल्बशी भांडण सुरू झालं. स्वयंपाकघरातला बल्ब त्यांनी महिन्याभरात तीनदा बदलला. "आजकाल बल्बच असे येतात. उजेड दिसतो, पण पडत नाही." दुकानदाराने शेवटी हात जोडले. स्कूटरही त्यांनी विकून टाकली. महाकालच्या गर्दीने शहरात गाडी चालवणं मुश्कील झालंय, असं कारण सांगितलं. ते सगळ्यांना पटलं, कारण ते खरंच होतं.

मग एका सुट्टीच्या दिवशी दुपारी मी गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला गेले. मागच्या जिन्यावरून खालची मोरी दिसते. तिथे काकू उकिडव्या बसून भांडी घासत होत्या. सकाळी सरांनी घासून जाळीत पालथी घातलेली तीच भांडी. फरशीवर जुना टॉवेल अंथरला होता, ताटाचा आवाज होऊ नये म्हणून. नळ दोऱ्याएवढा सोडला होता. एकेक ताट त्या हलकेच घासत होत्या, विसळत होत्या आणि पुन्हा त्याच जागी, त्याच क्रमाने जाळीत ठेवत होत्या. आतून सरांचं घोरणं ऐकू येत होतं.

त्यांनी वर बघितलं. मी तशीच उभी होते, हातात वाळलेली चादर घेऊन. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

संध्याकाळी त्या वर आल्या. माझ्याकडे त्या क्वचितच यायच्या, गुडघे दुखायचे.

"होळीपासून चाललंय," त्या म्हणाल्या. "नीट निघत नाही त्यांच्याकडून. मोजे घालून घासतात, हाताला कळत नाही, आणि डोळ्याला... वय झालं आता. चाळीस वर्षं ह्या माणसाने माझ्या हाताला राख लागू दिली नाही ग. त्यांना कसं सांगू, की तुमचं ताट स्वच्छ नाही?"

"पण काकू, तुमचे हात?"

"आता साबण चांगले आलेत," म्हणून त्यांनी हात पदराखाली घेतले.

त्यांच्या पुण्याच्या मुलीला त्यांनी फोनवर थोडं सांगितलं होतं. दिवाळीनंतर एका टेम्पोतून भलंमोठं खोकं आलं. डिशवॉशर. मुलीने वडिलांना फोनवर सांगितलं, "बाबा, आता आराम करा."

सर म्हणाले, "मी थकलोय असं कोण म्हणालं?"

मशीन बसवायला आलेल्या मेकॅनिकला त्यांनी चहा पाजून परत पाठवलं. यंत्र पंधरा दिवस बैठकीत सोफ्याशेजारी उभं होतं, अवघडलेल्या पाहुण्यासारखं. काकूंनी त्याला भैरवगढच्या छाप्याचं लाल कापड शिवून घातलं, त्यावर फुलदाणी ठेवली. येणारा जाणारा विचारायचा, नवीन फ्रिज घेतला का?

सर मात्र गप्प बसलेले नव्हते. माहितीपुस्तिका त्यांनी भिंग घेऊन पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. हिंदी भाषांतरातल्या चुका लाल पेनाने दुरुस्त केल्या. एका संध्याकाळी मी बँकेतून आले तर जिन्यातच अडवलं.

"मॅनेजर साहिबा, ह्यात मीठ घालावं लागतं, माहितेय का? आपलं पाणी जड आहे ना, त्यासाठी. विचार चांगला केलाय बनवणाऱ्याने. पण प्रयोग केल्याशिवाय मी मानणार नाही. रविवारी दाल-बाफले. अर्धी भांडी मशीन, अर्धी मी. परीक्षक तुम्ही."

"मी कशाला सर?"

"कारण तुम्ही तटस्थ आहात."

मी तटस्थ नव्हते. शनिवारी काकूंनी मला गाठलं. "तू एवढंच म्हण, दोन्ही सारखीच स्वच्छ. मग मी म्हणेन, सारखीच आहेत ना, तर माझ्यासाठी म्हणून मशीन वापरा. माझ्यासाठी म्हटलं की ते नाही म्हणत नाहीत. त्यांना कळायचंही नाही आणि माझंही घासणं सुटेल. एवढं सांभाळून घे." मी हो म्हटलं. मला ते शहाणपणाचं वाटलं, आणि मायेचंही.

रविवारी बाफले झाले. कणकेचे उकडून भाजलेले गोळे, तुपात बुडवलेले, वर घट्ट वरण, सोबत लसणाची चटणी आणि लाडू. वरच्या गल्लीतलं एक कुटुंब जेवायला बोलावलं होतं, केवळ ताटांची संख्या वाढावी म्हणून. जेवण झाल्यावर सरांनी भांड्यांचे दोन सारखे भाग केले. मशीनच्या भागाला मागच्या बाजूला काकूंच्या नखपॉलिशचा ठिपका लावला. "परीक्षकाला कुठलं कुणाचं ते कळता कामा नये. ब्लाइंड टेस्ट." मशीन बैठकीतच, नळापासून तात्पुरता पाइप ओढून जोडलं होतं; पाणी मोजायला त्याची सांडपाण्याची नळी बादलीत सोडली. स्वतःच्या सिंकखालीही बादली ठेवली. मग कोट चढवला, मोजे घातले आणि कामाला लागले.

मशीनने दोन तास घेतले, सरांनी पाऊण. पण मशीनची दुसरी बादली अर्धीच भरली आणि सरांच्या चार झाल्या. त्यांनी ते ताबडतोब वहीत लिहिलं. "पाण्यात मी हरलो. एक दिवसाआड नळ येणाऱ्या गावात ही छोटी बात नाही. मान्य." त्यांना हरल्याचं वाईट वाटत नव्हतं. खरं निघालं याचा आनंद होता.

शेजारी आपापल्या घरी गेले होते. काकूंनी सगळी ताटं निथळवून, एकत्र मिसळून टेबलावर मांडली. सर समोर खुर्चीत बसले, वही उघडून. काकू दाराशी उभ्या राहिल्या. मी तांब्या घेतला आणि पहिल्या ताटावर पाणी ओतून ते तिरकं धरलं. पाणी चादरीसारखं पसरलं.

"स्वच्छ," मी म्हटलं.

दुसऱ्या ताटावर पाणी पडलं आणि फाटलं. थेंब थरथरत उभे राहिले. कडेला वरणाची वाळलेली पिवळी साय होती.

"स्वच्छ."

तिसरं. "स्वच्छ." चौथ्याला चटणीचा लाल ओघळ होता. मी काकूंकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "स्वच्छ," मी म्हटलं. आवाज जरा खाली गेला असावा.

सरांचं पेन थांबलं. पस्तीस वर्षं त्यांनी पोरांची तोंडी परीक्षा घेतली होती. कोण पाठ करून बोलतंय आणि कोण बघून, ते त्यांना आवाजावरून कळायचं.

"ते ताट इकडे द्या."

"सर, मी बघितलं नीट..."

"द्या."

मोजे काढलेल्या उघड्या हाताने त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला. अर्ध्यावर अंगठा थांबला. मग तो नाकाशी नेला. "लसूण," ते म्हणाले. ताट उलटं करून मागे बोटाने चाचपलं. नखपॉलिशचा ठिपका नव्हता.

त्यानंतर त्यांनी एकेक ताट स्वतः घेतलं. डोळ्यांजवळ नेलंच नाही, नुसता अंगठा. मशीनची एका बाजूला, स्वतःची दुसऱ्या बाजूला. शेवटी त्यांच्यासमोर दोन थप्प्या होत्या आणि त्यांच्या थप्पीत एकही ताट पूर्ण स्वच्छ नव्हतं.

"मॅनेजर साहिबा, तुम्हाला दिसत होतं?"

"हो, सर."

"मग?"

मी तांब्या खाली ठेवला. ते माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी काकूंकडे मान वळवली.

"किती दिवस?"

"होळीपासून," काकू म्हणाल्या.

"पण मी तर रोज स्वच्छ ताटात जेवतो. हाताला कधी काही लागलं नाही."

काकूंनी हात पदराखाली घेतले. मग त्यांचं त्यांनाच कळलं. "दुपारी," ते म्हणाले. "मी झोपतो तेव्हा. इकडे ये. हात दाखव."

काकू आल्या. सरांनी त्यांचा हात हातात घेतला आणि ज्या अंगठ्याने ताटं तपासली त्याच अंगठ्याने बोटांची पेरं चाचपली. भेगा पुन्हा उमलल्या होत्या. सरांचं तोंड असं झालं की मी खिडकीकडे वळले.

थोड्या वेळाने त्यांनी वही मिटली. "माझं रीडिंग चुकत होतं," ते म्हणाले, "आणि तुम्ही दोघी माझी वही दुरुस्त करत होतात. असं करत नाहीत ग. रीडिंग चुकलं की यंत्र तपासायचं असतं."

दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि आम्ही तिघं डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत. त्यांनी बाटलीतून थेंब घातले, यंत्रात डोकं ठेवायला लावलं, एका डोळ्यावर पट्टी धरून बाजूने दिवे दाखवले. सर उजव्या डोळ्याला पटापट सांगत होते. डाव्याला ते शांत बसून राहिले. त्यांना वाटत होतं, अजून दिवे सुरूच झाले नाहीत.

मोतीबिंदू होता, पण तो मोठा प्रश्न नव्हता. त्याच्या मागे काला मोतिया निघाला, ज्याला आपण काचबिंदू म्हणतो. डावा डोळा जवळजवळ गेला होता. उजव्यात अजून बरीच नजर होती आणि औषधाने ती टिकवता येणार होती. "जो चला गया वो वापस नहीं आता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "साल भर पहले आ जाते तो लेफ्ट में भी काफ़ी बच जाता."

सरांनी मान डोलावली. "काचबिंदू," ते म्हणाले. "चाळीस वर्षं काचेवरचे थेंब बघितले, आणि हाच दिसला नाही."

बाहेर बाकावर बसल्यावर काकूंना रडू फुटलं. आवाज नाही, नुसतं पाणी. "मी घालवला तुमचा डोळा," त्या म्हणत होत्या. "मी त्या दिवशीच सांगितलं असतं तर... मी गुपचूप घासत बसले. मीच घालवला." मी त्यांच्या शेजारी होते आणि मला माझा तो कप आठवत होता, ओढणीने पुसलेला. त्या रडत होत्या त्यात माझाही वाटा होता. पण मी तेही बोलले नाही.

सरांच्या डोळ्यांत औषध घातलेलं होतं, त्यामुळे त्यांना आम्ही दोघी नुसत्या धुरकट दिसत असणार. त्यांनी हात लांब करून काकूंचं मनगट शोधलं.

"स्कूटर का विकली, माहितेय?"

"गर्दी म्हणून."

"गर्दी कसली. घड्याळाच्या टॉवरपाशी डाव्या बाजूने एक म्हातारी आली, भाजीची पिशवी घेऊन. मला दिसलीच नाही. ब्रेक लागला, वाचली. मी घरी येऊन कुणाला बोललो? डाव्या खांद्याने रोज दारावर धडकतो, ते तुला सांगितलं? मला कळत होतं ग, काहीतरी बिघडलंय. मी बल्ब बदलत राहिलो." त्यांनी काकूंचं मनगट हलकंच दाबलं. "तू ताटं लपवलीस, मी धक्के लपवले. डोळा दोघांनी मिळून घालवला. एकटीने श्रेय घ्यायचं नाही."

काकू रडता रडता हसल्या आणि मग जास्तच रडल्या. सरांनी खिशातून रुमाल काढला, पण तो समोरच्या बाकावरच्या अनोळखी बाईंच्या दिशेने धरला. मी त्यांचा हात धरून जागेवर आणला.

घरी मशीन आत गेलं. सोफ्याशेजारची जागा मोकळी झाली. भांडी लावायचं काम सरांनीच घेतलं. कुठल्या कप्प्यात काय, कुठल्या कोनात, हे त्यांनी दोन दिवसांत हातांनी पाठ केलं, आणि इतकं नीट की काकू लावायला गेल्या तर ते पुन्हा काढून लावायचे. मशीनबद्दल ते हुशार विद्यार्थिनीबद्दल बोलावं तसं बोलायचे. "मन लावून करते. पाणी वाया घालवत नाही. पण लोखंडी कढई बिलकुल जमत नाही, आणि पितळेच्या जवळ तर जाऊच द्यायची नाही." कढई, पळी, पितळी पातेली त्यांनी स्वतःकडे ठेवली होती. मोजे मात्र फेकून दिले. "उघडा हात खोटं बोलत नाही," म्हणायचे.

मशीन चालू असलं की दोघं त्याच्यासमोर स्टुलांवर बसायची. सर कान देऊन सांगायचे, आता साबण गेला, आता गरम पाणी. काकू त्यांना पेपर वाचून दाखवायच्या. पूर्वी हा वेळ सर सिंकपाशी पाठमोरे असायचे. मी एकदा म्हटलं, "म्हणजे मशीनने तुमचा वेळ वाचवला." सर म्हणाले, "वेळ कुठे वाचला? मशीन दोन तास घेतं. फक्त आता मी हिच्याकडे तोंड करून बसतो."

सरांनी घरात एक नियम केला, की यापुढे कुणी कुणाला सांभाळून घ्यायचं नाही. चुकलं, सांडलं, राहिलं, ते तोंडावर सांगायचं. मला तो जमायला लागला. "सर, बटण वरखाली झालंय," असं मी जिन्यावरून ओरडायचे आणि ते खूष व्हायचे. काकूंना मात्र काही केल्या जमेना. सर कढई घासून विचारायचे, "निघाली?" त्या म्हणायच्या, "निघाली हो, छान." सर अंगठा फिरवायचे आणि काही न बोलता पुन्हा घासायला घ्यायचे. तेवढ्या वेळापुरते ते उदास दिसत. एकदा मला म्हणाले, "तिची सवय आहे, चाळीस वर्षांची. पण मॅनेजर साहिबा, ती 'छान' म्हणाली ना, की मला एकट्यासारखं वाटतं."

मला तेव्हा ते नीट समजलं नव्हतं.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी माझी बदली नाशिकला झाली. जायच्या आधीच्या रविवारी सरांनी दुपारी जेवायला बोलावलं. ते वकील आणि त्यांची बायको आले होते, वरच्या गल्लीतलं ते कुटुंब होतं. सर पहाटेपासून स्वयंपाकघरात होते. कढीसाठी त्यांनी मोठी पितळी पळी स्वतः घासून ठेवली होती. सगळे पानांवर बसले. काकू कढी वाढायला निघाल्या, पळी उचलली आणि थांबल्या. त्यांनी ती उलटी केली, दांड्याच्या सांध्यापाशी बघितलं. मी त्यांच्या शेजारीच होते, मलाही दिसलं, सांध्यात कालचं बेसन अडकलेलं होतं. काकूंनी आधी पाहुण्यांकडे पाहिलं, मग पदराचं टोक हातात घेतलं. त्या पळी गुपचूप पुसून टाकणार, अशी माझी खात्री होती.

त्यांनी पदर सोडला. टेबलाला वळसा घालून सरांपाशी गेल्या आणि चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाल्या, "अहो, ही खरकटी आहे. घासा परत."

वकिलांचा घास हातातच राहिला. त्यांची बायको वाटीत बघायला लागली. सरांनी चेहरा वर केला.

"कुठे?"

काकूंनी त्यांचा अंगठा धरला आणि सांध्यावर नेऊन ठेवला. "इथे."

"हां," सर म्हणाले. "इथे."

ते उठले, पळी घेऊन आत गेले आणि त्यांच्यामागे काकूही गेल्या. नळ सुटल्याचा आवाज आला. मग काकू म्हणाल्या, "अजून आहे, डावीकडे," आणि सर काहीतरी म्हणाले ते ऐकू आलं नाही, पण दोघंही हसली. हसणं थांबेना. आम्ही थोडा वेळ वाट पाहिली आणि मग वाटीनेच कढी वाढून घेतली.